पोळ्याच्या दिवशीची धुरी

धुरी कशी करायची ते मला नानानं शिकवलं. नाना म्हणजे आबांचा धाकटा भाऊ, माझा काका. कोपरभर खोल खड्डा खणायचा, तळाशी कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्या पेटवून चांगला निखारा धरू द्यायचा आणि मग वरून ओला पाला टाकायचा. कडुनिंबाचा पाला सगळ्यात चांगला. पळसाच्या पानांचा धूर जाड असतो, पण तो लवकर खाली बसतो. पाला धुमसायला लागला की भिजवलेलं गोणपाट खड्ड्यावर पसरायचं, मनात दहा अंक मोजायचे आणि गोणपाट एका बाजूनं झटक्यात उचलायचं. आत कोंडलेला धूर गोळा होऊन वर जातो. लगेच गोणपाट परत टाकायचं, पुन्हा दहा मोजायचे. पहिल्या दिवशी मी चार अंकांतच गोणपाट उचललं आणि धूर सगळा माझ्याच तोंडावर आला. डोळे चोळत मी रडायला लागले तेव्हा नाना पोट धरून हसला आणि म्हणाला, "घाई करशी तं धूर फाटी जास, शकू. धूरले दम देवा लागस." मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन.

नाना आणि आबा हे दोघं पोरवयात गुरं घेऊन सातपुड्यात जायचे, तेव्हा एका पावरा आदिवासी म्हाताऱ्यानं त्यांना ही विद्या दिली होती. डोंगरातल्या एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्याला निरोप द्यायचा तर उतरून चढून जाण्यात अर्धा दिवस जायचा. धूर मात्र पाण्याचा घोट गिळेपर्यंत पोचायचा. कुणी वारलं, कुणाची गाय हरवली, कुठं वाघाचा माग दिसला, सगळं त्या धुरात. आबा सांगायचे की तो म्हातारा नुसत्या धुराच्या रंगावरून ओळखायचा की खाली कोण काय जाळतंय. आबांनाही ते पुष्कळसं येत होतं. ही गोष्ट मी इथं मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढं जे घडलं ते आबांना धूर वाचता येत नव्हता म्हणून घडलं नाही.

आमचा मळा चोपड्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी. गावाचं आणि नदीचं नाव मी लिहीत नाही. तिथं अजून आमच्या भावकीतली माणसं राहतात. आजोबा गेल्यावर वाटणी झाली ती भांडणाशिवाय झाली होती. नदीच्या अलीकडची काळी जमीन आणि विहीर आबांना, पलीकडची चढाची मुरमाड जमीन नानाला. नाना हसत पलीकडे गेला. त्यानं तिथं कुडाचं घर बांधलं, स्वतः विहीर खणली आणि तीन वर्षांत त्या मुरमाडावर कापूस उभा केला. दोन्ही घरं गावापासून लांब, एकमेकांना दिसतील अशी, पण मध्ये नदी. उन्हाळ्यात ती नुसती वाळू असायची, मी अनवाणी पळत पाच-दहा मिनिटांत पलीकडे जायची. पावसाळ्यात मात्र डोंगरात पाऊस पडला की इथं ऊन असतानाही तासाभरात पाणी चढायचं आणि त्याच्या आवाजात कितीही ओरडलं तरी हाक पोचायची नाही. म्हणून धुरी. एक धूर म्हणजे आम्ही बरे आहोत. दोन म्हणजे सवडीनं या. तीन म्हणजे हातातलं टाकून पळत या. तीन सोडायचे, थोडं थांबायचं, पुन्हा तीन. माझ्या लहानपणी तीन धूर मी एकदाच पाहिले होते, नानाची म्हैस विहिरीत पडली तेव्हा. आबा जेवणाच्या ताटावरून उठून, खरकट्या हातानं नदीत शिरले होते.

पलीकडून धुरी करायची ती बहुतेक काकूच. सिंधूकाकू पिंपळनेरची, लग्न होऊन आली तेव्हा अठरा वर्षांची होती. तिला मूल झालं नाही, आणि त्या दिवसांत बाईला त्याबद्दल जे जे ऐकावं लागायचं ते सगळं तिनं ऐकलं. पण नानानं तिला कधी एक शब्द लावला नाही, आणि तिच्या अंगातला खोडकरपणाही गेला नाही. मोठ्यांच्या एक-दोन-तीनमध्ये आमची दोघींची एक वेगळी खूण होती : दोन आखूड धूर आणि मग एक लांबलचक. त्याचा अर्थ भरीत. तो धूर दिसला की मी मायला काहीतरी थाप मारून नदीवर पळायची. काकू पलीकडच्या काठावर डोक्यावर टोपलं घेऊन उभी असायची. तुराट्यांच्या जाळावर भाजलेली हिरवी वांगी, ठेचलेली मिरची, कांद्याची पात, आणि फडक्यात गुंडाळलेल्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी. आम्ही वाळूत बसून खायचो. ती मला विचारायची, शाळेत आज काय शिकवलं. मी सांगायची आणि ती घास हातात धरून ऐकत राहायची. तिला अक्षर येत नव्हतं. एकदा ती म्हणाली, "तू बठ्ठं शिक शकू, आनि मंग माले पत्तर लिही. मी कोनकडथून तरी वाची लिसू." मी म्हटलं, सगळं शिकेन, पण पत्र कशाला, आपला धूर आहे ना. त्यावर ती हसली होती.

आमच्या घरात आबांचा शब्द शेवटचा. ते फार बोलायचे नाहीत, हात तर कधीच उगारला नाही, पण ते ओसरीवर येऊन बसले की मायच्या बांगड्यांचा आवाज कमी व्हायचा. पहाटे बैलांच्या घागरमाळा, मग विहिरीवरच्या इंजिनाची फटफट, मग दिवसभर वाऱ्यावर केळीची पानं. केळीच्या पानांचा आवाज थेट पावसासारखा असतो. बाहेरची माणसं आमच्याकडे मुक्कामाला आली की उठून अंगणातलं वाळवण उचलायला धावायची. माय त्यांना हसायची. तेवढं एक सोडलं तर ती मोठ्यानं हसलेली मला फारशी आठवत नाही.

मी नववीत असताना नदीनं पात्र बदललं. एका मोठ्या पुरानंतर पाणी ओसरलं तेव्हा दिसलं की आमच्या बाजूचा एक लांबट पट्टा, चांगली गाळाची जमीन, नदीच्या पलीकडे गेली आहे. नदी आता त्याच्या अलीकडून वाहत होती. आबा म्हणाले, जमीन माझी आहे. नाना म्हणाला, भाऊ, तुमचीच आहे, पण तुम्ही पावसाळ्यात तिथं जाणार कसे, पडीक ठेवण्यापेक्षा मी पेरतो, आलं ते निम्मं. ही गोष्ट दोघांनी ओसरीवर बसून मिटवली असती तर मिटली असती. पण गावात कुणीतरी आबांना म्हणालं की धाकट्यानं नदीचं निमित्त करून थोरल्याला गंडवलं. त्या पट्ट्यात नानाचा कापूस हातभर झाला होता. आबा नदी ओलांडून गेले आणि त्यांनी तो उपटायला सुरुवात केली. मी आणि माय अलीकडच्या काठावरून पाहत होतो. नाना धावत आला. त्यानं आबांचा हात धरला नाही, नुसता समोर उभा राहिला.

"भाऊ, जमीन नदीनी इकडे टाकी. मी चोरी नही," तो म्हणाला.

आबा हातातली रोपं त्याच्या पायावर टाकून म्हणाले, "आजपासून तुना धूर मना डोयाले दिसाव नही. तू जग का मर, मी नदी वलांडाव नही."

पाणी कमी होतं त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू आलं. पलीकडे काकू दारात उभी होती. तिलाही आलं असेल.

त्यानंतर बोलणं बंद, जाणं-येणं बंद. पण माय आणि काकूची सकाळची एक धुरी बंद झाली नाही. आबा बैल घेऊन शेतात गेले की माय गोठ्यामागं डासांसाठी धूर करायचं निमित्त करी आणि मी गोणपाट धरी. एकच धूर. पलीकडून एक यायचा. तेवढं दिसलं की माय पदरानं कपाळ पुसून कामाला लागायची. आठ-नऊ महिने असं चाललं. मग एका सकाळी आबा विसरलेला चाबूक घ्यायला परत आले आणि गोठ्यामागं आम्ही दोघी सापडलो. ते ओरडले नाहीत. त्यांनी पायानं खड्ड्यात माती लोटली आणि मायला म्हणाले, "पुन्हा हाई धुरी दिसनी त्ये तू माहेरले, आनि हाई पोर घरमा. शाळा बठ्ठी बंद."

मी तेव्हा चोपड्याला बसनं शाळेत जात होते. आमच्या भावकीतली दहावीपर्यंत पोचलेली मी पहिलीच मुलगी. शाळेतल्या बाईंनी मला सांगितलं होतं की तू पुढं धुळ्याला, देवपुरातल्या कॉलेजात जा, मी तुझ्या वडिलांशी बोलते. त्या बोलल्याही होत्या, आणि आबा 'बघू' म्हणाले होते. आमच्या घरात 'बघू' म्हणजे जवळजवळ हो होतं. त्या दिवसानंतर मी धुरीला हात लावला नाही. मायनंही नाही. पलीकडून मात्र रोज सकाळी एक धूर यायचा, आमच्याकडून काही गेलं नाही तरी.

पोळ्याचा दिवस आला. तीन-चार दिवस पावसानं उघडीप दिली होती. सकाळी आबांनी बैल नदीवर धुतले. ते स्वतः पाण्यात उभे राहिले होते आणि पाणी त्यांच्या मांडीपर्यंत होतं. हे मला पक्कं आठवतं, कारण मी काठावर त्यांचं धोतर धरून उभी होते. मग अंगणात शिंगांना हिंगूळ, बेगड, अंगावर झुली. माय आत खापरावर पुरणाच्या पोळ्या करत होती. आमच्याकडे ही पोळी हातावर फिरवून सुपाएवढी करतात आणि उलट्या खापरावर टाकतात. तिचा खरपूस वास सगळ्या मळ्यात भरला होता. आमचा सालदार, वर्षाच्या बोलीवरचा गडी, सणासाठी त्याच्या गावी गेला होता. ऊन डोक्यावर आलं असेल. मी बैलाच्या कपाळाला बाशिंग बांधत होते आणि सहज नदीकडे पाहिलं.

पलीकडून धूर येत होता. एक गोळा वर गेला, मग दुसरा, मग तिसरा. थोडं थांबून पुन्हा तीन. हवा स्तब्ध होती. तिन्ही गोळे सुटे सुटे, नानानं शिकवले तसे दम देऊन सोडलेले, निळ्या आभाळात उभे राहिले होते. आबांच्या हातातली हिंगुळाची काडी थांबली होती. तेही पाहत होते. मग त्यांनी मान खाली घातली आणि परत शिंग रंगवायला लागले.

माय हाताला पीठ तसंच घेऊन बाहेर आली. तिनं पाहिलं आणि ती उंबऱ्यातच थांबली.

"आयकं का," ती म्हणाली. "तीन शेतस."

"काय तीन?"

"धूर. तीन-तीन सोडी राह्यनी ती."

आबांनी वर पाहिलं नाही. "तुले मोजाले कोनी सांगं?"

मायचा हात दाराच्या चौकटीवर होता आणि पीठ चौकटीला लागत होतं. थोड्या वेळानं तीच पुन्हा म्हणाली, "काहीतरी व्हयेल शे तठे. पानी उतार शे. तुमी जाता तं..."

"सन शे. सैपाक करी राह्यनी व्हई," आबा म्हणाले. आणि मग ते माझ्याकडे वळले. त्यांचा आवाज अजिबात चढलेला नव्हता. "शकू, तुनी नजर चांगली शे. दख बरं. काय शे तो धूर?"

मी पाहिलं. मी पुन्हा एकदा मुद्दाम पाहिलं, कारण तेवढा वेळ मिळत होता. तीन सुटे गोळे वर जात होते. मला कळत होतं की मी 'तीन' म्हटलं तर आम्ही दोघी अजून मोजतो हे सिद्ध होणार, मायला माहेरी पोचवणार, आणि माझी शाळा संपणार. हे सगळं माझ्या मनात आलं, ह्याच क्रमानं आलं. भीतीनं तोंडून काहीतरी निघून गेलं असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. मी विचार केला आणि मग बोलले.

"सैपाकना धूर शे, आबा."

माय माझ्याकडे पाहत राहिली. मग ती आत गेली. आबा म्हणाले, "दखा!" आणि त्यांनी शिंगाचं टोक रंगवून पूर्ण केलं.

आज मला वाटतं की आबांनी मला विचारलं ते कळावं म्हणून विचारलंच नव्हतं. धूर त्यांना माझ्यापेक्षा चांगला वाचता येत होता. त्यांना आपला शब्द मोडायचा नव्हता आणि भावाला मरूही द्यायचं नव्हतं, आणि ह्या दोन्हींच्या मध्ये अडकलेल्या माणसानं पंधरा वर्षांच्या पोरीकडे निर्णय सोपवला. मी 'तीन' म्हटलं असतं तर कदाचित ते काडी टाकून धावले असते. कदाचित ते त्याचीच वाट बघत होते. मला हे कधीच कळणार नाही, आणि हे न कळणं हीच माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे.

आम्ही जेवलो. बैलांना नैवेद्य दाखवला, मग आबांच्या ताटात मायनं पोळी वाढली, तूप वाढलं, माझ्याही. मी खाल्लं. पलीकडून धूर येतच होता. दुपारी आबा बैल घेऊन मिरवणुकीसाठी गावात गेले. घागरमाळांचा आवाज लांब गेल्याबरोबर माय उठली आणि नदीकडे पळत सुटली. मी तिच्यामागं. पण तोवर वर डोंगरात काळं झालं होतं आणि पाणी गढूळ होऊन चढायला लागलं होतं. माय पाण्यात शिरली, कमरेपर्यंत गेली, पाय सुटला तशी एका झुडपाला धरून कशीबशी परत आली. तिला पोहता येत नव्हतं, मलाही नाही. ती काठावर बसून "सिंधू, वं सिंधू" अशी ओरडत राहिली. आवाज पाच हातांपुढं जात नव्हता. तासाभरानं धुराचा रंग बदलला. गोळे तुटले, लांबट, काळपट, वाकडातिकडा धूर यायला लागला. कापड जळताना येतो तसा. मला ते ओळखता येत होतं. मी मायला सांगितलं नाही. दिवस मावळायच्या आधी तोही थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी उतरल्यावर वरच्या पाड्यावरचा एक पावरा माणूस नदी ओलांडून आला. आबा ओसरीवर होते. तो उभ्या उभ्याच म्हणाला, "तुना भाऊ मरी गया. साप चावना. बैलसाठी चारा कापाले गयता. बाई दिवसभर धूर करी राह्यनी व्हती. तुमले दिसना नही का?"

आबा उठायला गेले आणि परत बसले.

मी पलीकडे गेले तेव्हा नाना ओसरीत घोंगडीवर होता. पाय मांडीपर्यंत काळा पडला होता, वर दोरीनं आवळून बांधलेलं होतं. सकाळी उशिरा चावला होता. काकूनं त्याला ओढत घरापर्यंत आणलं, पुढं तिला उचलवेना. पाडा तासभर वर, टेकडीआड, तिथून धूर दिसायचा नाही. त्याला एकटं टाकून जायची तिची छाती झाली नाही, आणि समोर सख्ख्या भावाचं घर दिसत होतं. दुपारपर्यंत तो बोलत होता म्हणे. "भाऊ येस, तू धूर करत राह्य," असं म्हणत होता. अंगणातल्या खड्ड्यापाशी गोणपाटाचा जळका काठ पडला होता आणि त्याच्या शेजारी हिरव्या लुगड्याचा अर्धा जळालेला धडपा. गोणपाट जळून गेल्यावर तिनं आपलं लुगडं भिजवून खड्ड्यावर धरलं होतं. तिच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत फोड आले होते.

पाण्यातून बैलगाडी घालून नानाला चोपड्याच्या दवाखान्यात नेलं असतं तर तो वाचला असता का? पाणी चढायच्या आधी दोन-अडीच तास हातात होते. एवढंच मला माहीत आहे.

दहाव्याला गाव जमलं होतं. कुणीतरी आबांना विचारलंच की समोरासमोर घर असून धूर कसा दिसला नाही. आबा जमिनीकडे पाहत म्हणाले, "पोरले इचारं मी. पोरनी नजर चांगली शे. पोर बोलनी, सैपाकना धूर शे." काकू भिंतीशी बसली होती, हात पट्ट्यांनी बांधलेले. तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मी बोलले असते असं मला वाटतं. राग नव्हता.

"शकू, तुले सैपाकना वाटना?"

"हा, काकू."

"तीन नही दिसनात?"

"नही. एकच दिसना."

तिनं मान हलवली. मग शेजारच्या बाईला सांगावं तसं हळू आवाजात म्हणाली, "मनंच चुकनं. गोनपाट जळी गयं ना... मंग लुगडाथून धूर बराबर नही निंघना." बायका रडायला लागल्या. मायसुद्धा. माय माझ्या शेजारी बसून रडत होती आणि तिनं एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. पुढं वीस वर्षं ती जगली, मला जेवू घातलं, माझी बाळंतपणं केली, पण त्या दिवसाबद्दल एक शब्द बोलली नाही. आबाही बोलले नाहीत.

काकूला तिचा भाऊ पिंपळनेरला घेऊन गेला. मी दहावी झाले, देवपुरात मामेबहिणीकडे राहून कॉलेजात शिकले, आबांनी आडकाठी केली नाही. शिक्षिका झाले, लग्न झालं, इथंच देवपुरात पांझरेच्या काठी घर झालं. मुलांना मी चौतीस वर्षं भाषा शिकवली. काकूला मात्र एकही पत्र लिहिलं नाही.

आता माझ्या हातात फोन आहे. नातीनं मला शिकवलं की दोन खुणा निळ्या झाल्या म्हणजे समोरच्यानं वाचलं. मी तिला विचारलं, वाचूनही उत्तर दिलं नाही तर? ती म्हणाली, "मग काय आजी, समजून घ्यायचं." माझी एक जुनी विद्यार्थिनी डोंगरातल्या एका पाड्यावर शिक्षिका आहे. ती सांगते, तिथं अजून रेंज येत नाही, कुणी अडलं-नडलं तर टेकडीवर धूर करतात आणि खालची माणसं वर जातात. मी तिला पुन्हा पुन्हा विचारलं, खरंच जातात का? तिला माझा प्रश्नच कळला नाही. ती म्हणाली, "बाई, धूर दिसल्यावर जाणार नाहीत का?"

आबा गेले, माय गेली. मी निवृत्त झाले, त्यालाही काही वर्षं लोटली. मग एका सकाळी कुणाला न सांगता मी पिंपळनेरची बस पकडली. साक्रीच्या पुढं गेल्यावर परत फिरावंसं वाटलं, पण बस कुठं थांबेना. काकू भाच्याच्या घरी राहत होती. केस पांढरे, नजर अधू, हातांची कातडी कोपरापर्यंत चुरगळलेली. आवाजावरून तिनं मला ओळखलं आणि ती इतकी आनंदली की मी दाराबाहेर उभ्या उभ्याच सांगून टाकायचं ठरवलेलं राहून गेलं. भाचसुनेनं चहा केला. काकू माझ्या गुडघ्यावर हात ठेवून सगळ्यांची चौकशी करत होती. मुलं काय करतात, गुडघे दुखतात का. मग तीच म्हणाली, "तू बठ्ठं शिकनी ना शकू. माले लई बरं वाटस."

मी तेव्हा सांगितलं. तिच्याच बोलीत सांगितलं, कारण दुसऱ्या कुठल्या भाषेत मला ते जमलं नसतं. "काकू, पोयाना दिनले माले तीनी धूर दिसनात."

तिचा हात माझ्या गुडघ्यावर होता तसाच राहिला. "तीनी?"

"तीनी. सुटा सुटा. पुन्हा तीन. कितलादाव."

"तुना आबाले?"

"आबालेबी. मायलेबी."

बाहेर कुणीतरी मोटारसायकल सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. मग काकू म्हणाली, "मंग मना धूर बराबर व्हता."

"बराबर व्हता, काकू."

"आनि मी पन्नास वरीस..." एवढंच म्हणून ती थांबली. तिनं आपला हात माझ्या गुडघ्यावरून उचलला, दोन्ही हात उताणे करून मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे पाहत बसली. तिला किती दिसत होतं कोण जाणे. मी तिच्या पायांना हात लावायला वाकले तेव्हा तिनं पाय मागं घेतले. रागानं नाही. उन्हात बसलेलं माणूस सावलीसाठी सरकतं तसे.

"चहा पी ले," ती म्हणाली. मी प्यायले. मग ती म्हणाली, "आते जाय, शकू. आनि परत येऊ नको."

त्यानंतर दर दिवाळीला मी भाचसुनेला फोन करायची. ती सांगायची, काकू झोपल्यात. गेल्या वर्षी काकू वारली. मला ते नात्यातल्या एका ग्रुपवरच्या मेसेजवरून चौथ्या दिवशी कळलं. खाली लोकांनी हात जोडलेले होते. दहाव्याला पोचायला अजून सहा दिवस होते आणि बस घरासमोरूनच जाते. नातीनं विचारलं, "आजी, तू जाणार ना?" मी नाही म्हटलं. काकूनं सांगितलं होतं.